शहापुरातला दोन फुटी रीफ टँक : दिवा ठरवताना काय काय आडवं आलं

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे पाळायची काचेची टाकी. हा टँक ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंत भरलेलं. खडक आणि वाळूची जागा वजा केली तर खारं पाणी साधारण ७५ लिटर. मालक बेळगावातल्या शहापुरातले सराफ, आम्ही त्यांना काका म्हणतो. घर जुन्या धाटणीचं, सोप्यात लाकडी तुळया आहेत. टँक सोप्यातच, टीव्हीच्या शेजारच्या भिंतीला. समोर आजींचा, म्हणजे काकांच्या आईंचा, दिवाण. ही बसण्याची मांडणी मुद्दाम सांगतोय, कारण शेवटी दिव्याचा निकाल तिनंच लावला.

टँकमध्ये क्लाउनफिश माशांची जोडी, आणि मऊ अंगाची कोरल: दोन-तीन रंगांच्या झोआंच्या (देठावर फुलासारख्या उघडणाऱ्या) वसाहती, लाल आणि निळसर मशरूम आणि एक लेदर कोरल. खडक म्हणजे खानापूरहून भट्टीत भाजून आणलेले सच्छिद्र मातीचे तुकडे, एकावर एक रचलेले. वर दिवा होता तो गोड्या पाण्यातल्या झाडांचा, २४ वॅटचा पांढरा एलईडी. झोआंचे देठ लांब होऊन सगळे दिव्याकडे वाकले होते आणि लेदर तपकिरी पडलं होतं. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेड कमी पडला की ते आपली संख्या आणि रंगद्रव्य वाढवतं, त्यातून तो तपकिरी रंग येतो. म्हणजे उजेड कमी आहे याबद्दल वाद नव्हता. किती वाढवायचा आणि कशानं, एवढाच प्रश्न.

माझं काम उद्यमबागेत, इलेक्ट्रिकल पॅनेल वायरिंगचं. घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे म्हणून काकांनी बोलावलं. मी गेलो तेव्हा त्यांचा विचार जवळपास ठरलेला होता. "मोठ्या वॅटचं घेऊया की ओ, परत परत खर्च नको." दुकानदारानं १६५ वॅटची काळी पेटी सुचवली होती. हौशी लोकांत ती प्रसिद्ध आहे: तीन-तीन वॅटचे ५५ एलईडी, निळ्यासाठी एक बटण, पांढऱ्यासाठी एक, आत दोन पंखे. ५५ गुणिले ३, म्हणून १६५. प्रत्यक्षात एलईडी त्यांच्या पूर्ण क्षमतेवर कुणी चालवत नाही. प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघितलं तर दोन्ही बटणं पूर्ण फिरवल्यावर ओढ ११२ वॅट.

पण वॅटच्या आधी दुसरी गोष्ट मिटवावी लागली. त्यांना फोनवर कुणीतरी "स्टॅगहॉर्न", म्हणजे फांदीदार दगडी कोरल, "देतो" म्हणालं होतं, आणि मोठा दिवा हवा होता तो त्या आशेवर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल आहेत. काळी कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी-फॅनही त्यातच. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना. बाहेरदेशाहून आणलंय असं सांगितलं तरी दगडी कोरल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात, म्हणजे कागद लागतातच. फोनवरच्या माणसाकडे कागद नव्हता. काकांचा धंदा असा की हॉलमार्क आणि पावतीशिवाय ते एक मणी घेत नाहीत, त्यामुळे हे पटवायला वेळ लागला नाही.

याचा दिव्यावर थेट परिणाम झाला. दगडी कोरलमधल्या फांदीदार जातींना 'पार' २०० ते ४०० लागतो. पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो ते माप. भर दुपारचं ऊन २,००० च्या आसपास जातं. मशरूमला मात्र ३० ते ६० पुरतो, झोआंना ८० ते १२०, लेदरला १०० ते १५०. हे आकडे हौशी लोकांच्या सर्वसाधारण वापरातले, थोडं इकडंतिकडं चालतं. स्टॅगहॉर्न यादीतून गेल्यावर टँकची गरज एकदम अर्ध्याहून खाली आली. आता प्रश्न उजेड जोरदार पाडण्याचा नव्हता, सारखा पाडण्याचा होता.

मोजायचं कसं? काकांची धाकटी मुलगी बी.एस्सी. करते. तिनं मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपनं आधीच मोजून ठेवलं होतं आणि गोंधळली होती. जुन्या पांढऱ्या दिव्याखाली लक्स भरपूर, पेटीच्या नुसत्या निळ्याखाली नावालाच. तिच्या हिशेबानं निळा दिवा कुचकामी. इथं बहुतेक जण फसतात. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतो आणि ४५० च्या गडद निळ्याला जेमतेम चार टक्के. हिशेब केला तर पांढऱ्या एलईडीचा एक पार म्हणजे साधारण ७० लक्स, आणि गडद निळ्याचा एक पार म्हणजे फक्त ७. शैवालातली क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं तर निळ्या पट्ट्यातच सगळ्यात जास्त शोषून घेतात. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच संपतो, खाली उरतो तो निळा. म्हणजे ज्या उजेडावर कोरल जगतं, नेमका तोच लक्समीटरला दिसत नाही. फक्त पांढरं चॅनेल चालू ठेवून लक्सला ७० नं भागा, अंदाजापुरतं चालेल. निळ्यासाठी मोबाइल बाजूला ठेवा.

खानापूर रोडला पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची करणारे एक ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून पारमीटर आणला. सेन्सर बंदिस्त असल्यानं पाण्यात बुडवता येतो, पण पाण्याखाली तो कमी दाखवतो. म्हणून बनवणाऱ्यानं माहितीपत्रकात दिलेल्या गुणकानं आकडा वाढवून घ्यावा लागतो. सेन्सर पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधला. रात्री सोप्यातले दिवे बंद केले, पाणी हलवणारे पॉवरहेड बंद केले. पृष्ठभाग हलत असला की आकडा नाचत राहतो. मग वाळूवर तीन ओळींत नऊ जागा आणि खडकांवर तीन, असा नकाशा मुलीनं वहीत काढला. यापुढचं सगळं त्या वहीवर ठरलं.

जुना दिवा: वरच्या खडकावर ५५, वाळूच्या मध्यावर ३०, कोपऱ्यांत १५. झोआ का वाकले ते इथंच कळलं.

पेटी, पाण्यापासून २० सेंटिमीटरवर, दोन्ही बटणं अर्ध्यावर: वरच्या खडकावर २९०, वाळूच्या मध्यावर १५०, कोपऱ्यांत ४०. म्हणजे वरचे झोआ भाजणार आणि कोपऱ्यातली मशरूम जेमतेम. उजेड झेपेनासा झाला की शैवालात घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात, कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. काही दिवस कमी उजेडात राहिलेलं कोरल परत रंग धरतं. असं भाजलेलं कोरल मात्र धरेलच असं नाही.

त्या पेटीच्या भिंगांचा कोन ९० अंशांचा. २० सेंटिमीटरवरून पाण्यावर ४० सेंटिमीटरचं वर्तुळ पडतं, आणि टँक ६० लांब. दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटर थेट उजेडच नाही. उपाय सोपा, पेटी वर न्यायची. सोप्याच्या तुळईला पूर्वीच्या झोपाळ्याची कडी होती, तिला साखळी अडकवून ३५ सेंटिमीटरवर टांगली, बटणं जरा खाली आणली. आता वरच्या खडकावर १४०, मध्यावर ७५, कोपऱ्यांत ४५. कागदावर हे उत्तम. मी त्यावर थांबलो असतो.

आजी थांबल्या नाहीत. "अरे बाबा, डोळ्यात खुपतंय की हे. टीव्ही बघू की तुझं ते निळं बघू?" दिवाणावर बसून बघितलं तर खरंच होतं. पेटी वर गेल्यावर तिचा तळ बसलेल्या माणसाच्या नजरेच्या वर आला, आणि एकेक भिंग डोळ्यात टोचायला लागलं. शिवाय ३५ सेंटिमीटरवरून वर्तुळ ७० चं, आणि टँकची रुंदी ४०. कितीतरी उजेड पुढं फरशीवर आणि मागं भिंतीवर वाया. गडद निळ्याचा त्रास असा की डोळ्याला तो अंधुक वाटतो, पण प्रत्यक्षात आत जाणारी ऊर्जा कमी नसते. म्हाताऱ्या माणसासमोर रोज रात्री दहापर्यंत हे चालू ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. पत्र्याची झालर लावून बघायचा विचार झाला, पण पेटीच्या पंख्यांचा आवाज टीव्हीच्या आवाजात मिसळत होताच, म्हणून पेटीचा नाद सोडला.

टी-फाइव्हचा, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचा, विचार मुलीनं मांडला. लांब नळ्या, उजेड एकसारखा, सावल्या मऊ. दोन फुटी टँकला २४ वॅटची, ५५ सेंटिमीटरची नळी नेमकी बसते. पण चार नळ्यांचे ९६ वॅट, सहसा मंद करता येत नाहीत, आणि नळ्यांचा उजेड उतरत जातो म्हणून वर्षाच्या आत-बाहेर बदलाव्या लागतात. नळ्या बेळगावात हमखास मिळत नाहीत. विजेचाही मुद्दा होता. कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती वीज एका मर्यादेपर्यंत मोफत आहे, ठरलेल्या मर्यादेवरचे युनिट विकत, आणि २०० युनिट ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल. काकांचं घर टँकशिवाय १४० च्या आसपास. पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) मिळून २५ वॅट, पण चोवीस तास, म्हणजे महिन्याला १८ युनिट. हिवाळ्यात हीटरचे वीसेक. ९६ वॅटचा दिवा नऊ तास धरला तर २६. बेरीज २०४. हेस्कॉमचं बिल हातात धरून काकांनी टी-फाइव्हवर काट मारली. मेटल हॅलाइड या फार तापणाऱ्या दिव्याचं तर मी नावच काढलं नाही. ७५ लिटर पाणी एका अंशानं तापवायला ८७ वॅट-तास पुरतात, आणि बेळगाव कितीही थंड म्हटलं तरी एप्रिलमध्ये बंद सोप्यात ३३ अंश असतात.

शेवटी घेतले दोन छोटे एलईडी. प्रत्येकी ३० वॅटचे, दोन चॅनेलचे, भिंगं १२० अंशांची. रुंद कोनामुळे ते पाण्याच्या जवळ, १५ सेंटिमीटरवर ठेवता येतात, आणि जवळ असले की बाजूला आडोसा करणं सोपं. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचे दोन वाकडे हात आणि पुढच्या बाजूला चार बोटं खाली येईल अशी पट्टी करून घेतली. पट्टी आतून पांढरी, बाहेरून काळी. आजींच्या दिवाणावरून आता फक्त पाणी दिसतं, दिवा दिसत नाही.

दोन दिव्यांचा दुसरा फायदा सावलीचा. एकाच ठिकाणाहून उजेड आला की खडकाच्या आडोशाला ठार काळोख होतो, आणि लेदर छत्रीसारखं पसरतं तेव्हा त्याच्याखालचे झोआ मरतात. दोन दिवे ३० सेंटिमीटरच्या अंतरानं असले की एकाची सावली दुसरा भरून काढतो. सावलीबद्दल मला काकांना काही शिकवावं लागलं नाही. दुकानातल्या काउंटरवर दिवा कुठं लावला की हिऱ्याची पैलू दिसते आणि कुठं लावला की ओरखडा दिसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. याच सवयीपोटी त्यांनी विचारलं, की विक्रेते नेहमी गडद निळ्याखालचेच फोटो का पाठवतात. निळ्या उजेडानं कोरलमधली काही प्रथिनं हिरवी-नारिंगी चमकतात, आणि पांढरा उजेड नसेल तर ती चमक दुप्पट उठून दिसते, म्हणून. "म्हणजे आमच्या पिवळ्या बल्बासारखंच की," म्हणाले आणि पुढं काही विचारलं नाही.

दोन्ही दिवे निळे साठ टक्के, पांढरे वीस टक्के: वरच्या खडकावर १२०, मध्यावर ८०, पुढच्या कोपऱ्यांत ७०, मागच्या ओळीत ५५. मागची ओळ कमी का, यावर मुलगी बराच वेळ अडून बसली. कारण काचेत आहे. हवेतून ४५ अंशांनी आलेला किरण पाण्यात शिरताना वाकून ३२ अंशांवर येतो. मग बाजूच्या काचेवर तो इतका तिरका पडतो की बाहेर निसटण्याऐवजी पूर्ण परावर्तित होऊन परत टँकमध्ये येतो. छोट्या टँकमध्ये खोलीप्रमाणं उजेड फारसा घटत नाही तो यामुळं. पण मागच्या काचेला काकांनी बाहेरून काळा रंग लावला होता. रंग काचेला चिकटलेला असल्यानं तिथं किरण परत फिरत नाही, रंगात जिरतो. रंगाऐवजी काळा कागद थोडी हवा ठेवून लावला असता तर हे टळलं असतं. रंग खरवडायचा नाही असं ठरलं, मशरूम मागच्या ओळीत गेली आणि सगळं जागेवर बसलं. बाजूच्या काचांवरचा हिरवा थर मात्र वेळेवर पुसावा लागतो, नुसतं दिसण्यासाठी नाही.

जुन्या उजेडातून नव्यात कोरल एकदम नेली नाहीत. निळे २५ टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं, साठपर्यंत यायला दीडेक महिना गेला. मध्ये एकदा काकांनी सॉल्टच्या पाण्यासोबत सक्रिय कोळसाही बदलला आणि दुसऱ्या दिवशी झोआ अर्धे मिटले. जुनं पाणी हळूहळू पिवळसर होत जातं, तो पिवळेपणा नेमका निळा उजेड खातो. कोळशानं पाणी एकदम नितळ केलं म्हणजे दिव्याला हात न लावता उजेड वाढवल्यासारखंच. एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा टँकच्या एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाकडून बघावा, पिवळी झाक लगेच कळते. आता कोळसा थोडा थोडा बदलतात. किनाऱ्यावरचं पाणी आणायचं मात्र काकांच्या डोक्यातून काढलं. चोर्ला घाटातून कॅन भरून आणणारे इथं आहेत, पण पावसाळ्यात मांडवी-झुवारीचं गढूळ गोडं पाणी तिथं मिसळलेलं असतं. घरी सॉल्ट कालवून १.०२५ घनता धरणं जास्त बिनघोर.

वेळ ठेवली दुपारी एक ते रात्री दहा, कारण काका दुकान बंद करून साडेआठला वर येतात. कोरलला सूर्य किती वाजता उगवला याच्याशी घेणं नाही, सलग अंधार मात्र रोज हवा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ऊन येत होतं, तिथं पडदा लावला.

पावसाळ्यात झाडं पडून वीज जाते ते इथं नवीन नाही. काकांकडे बाजारातला साधा फिरत्या चकतीचा टायमर होता. वीज गेली की चकती थांबते, आणि वीज आली की थांबली होती तिथून पुढं चालते. जूनच्या मध्यावर टँकचा दिवस दुपारी चारला सुरू होऊन रात्री एकला मावळायला लागला होता. आतल्या बॅटरीचा डिजिटल टायमर बसवला. इन्व्हर्टरवर मात्र दिवे घेतले नाहीत, फक्त पॉवरहेड घेतला. एक दिवस अंधारात गेल्यानं कोरलचं काही बिघडत नाही. पाणी हललं नाही तर ऑक्सिजन उतरतो आणि मासे आधी जातात. वायरिंग करताना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) टाकला आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. दिव्याच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसतो, तो आठवड्याला आरओच्या पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं पुसायचा. मुलीनं पुसण्याआधी आणि पुसल्यावर मोजलं, दहा टक्क्यांचा फरक निघाला.

झोआंचे देठ आता आखूड झालेत, लेदरवरचा तपकिरी रंग उतरून पिवळसर झाला. हिरव्या झोआंची एक वसाहत मात्र उघडेना. काकांना वाटलं दिवाच कमी पडतोय, वाढवूया. वहीतल्या नकाशात त्या जागेला ९५ होता, शेजारची वसाहत ९० मध्ये फुललेली. तेव्हा उजेडाला हात लावू नका म्हटलं आणि मुलीला रात्री दिवे गेल्यावर टॉर्चला लाल कागद लावून बघायला सांगितलं. देठांच्या बुडाशी चपट्या, चौकटीदार नक्षीच्या दोन छोट्या गोगलगायी निघाल्या, झोआ खाणाऱ्या. झोआंत पॅलिटॉक्सिनसारखं विष असू शकतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून चिमट्यानं काढल्या. वसाहतीचा निम्मा भाग उघडला आहे, उरलेला अजून मिटलेलाच आहे.